तंबूभोवतीची झाडं : ओळखायची कशी, ओळखली असं म्हणायचं कधी

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय तसा साधा आहे. कोकणातल्या एखाद्या जंगलात, समुद्राच्या जवळ, आपण दोन दिवस तंबूत राहायला जातो. तिथे आजूबाजूला जी झाडं-वेली दिसतात, ती ओळखायची कशी? आम्ही निसर्ग शिबिरांना माणसं घेऊन जातो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला दर शिबिरात विचारला जातो. "हे कोणतं झाड?" असं विचारलं जातं आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "हे खाल्लं तर चालतं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दुसऱ्याचं चुकतंच, आणि ती चूक महागात पडू शकते. म्हणून आज झाडांची नुसती यादी देणार नाही. ओळख पटवण्याची रीत सांगणार आहोत.

उदाहरणासाठी एक जागा धरू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. एकेकाळी हे जंजिरा संस्थानच्या नबाबांचं शिकारीचं राखीव जंगल होतं. 1986 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुपेगावच्या बाजूला वनखात्याच्या तंबूंमध्ये राहायची सोय आहे. जंगलातल्या पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात. आणि काही किलोमीटरवर काशीद, नांदगाव, मुरुडचा किनारा. म्हणजे एका दिवसात तुम्ही वाळूतली झाडं, खाडीतली झाडं आणि डोंगरावरचं जंगल, तिन्ही पाहू शकता. आज आपणही याच क्रमाने जाऊ. तुमचं शिबिर श्रीवर्धनला असो, गुहागरला असो की मालवणला, यातली बरीचशी झाडं तुम्हाला भेटतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अभयारण्यातून फूल, फळ, पान, बी काहीही तोडून आणायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तेव्हा तोडून नाही, बघून ओळखायचं. खाली पडलेलं पान उचलून बघा आणि तिथेच ठेवा. पान चुरगळून वास घेणं, चीक तपासणं हे प्रयोग घराजवळच्या, गावातल्या झाडांवर करायचे.

बघायचं काय?

आपण सवयीने आधी फूल बघतो. पण फूल वर्षातले काही आठवडेच असतं. पान मात्र बराच काळ असतं, म्हणून सुरुवात पानापासून करायची.

पहिला प्रश्न : पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? म्हणजे एका पेरावर दोन पानं की एकच? जास्वंदीला एकाआड एक, तुळशीला समोरासमोर. एवढं एक पाहिलं तरी निम्मी झाडं बाजूला पडतात.

दुसरा प्रश्न : पान साधं की संयुक्त? कडुलिंबाच्या डहाळीवर जी छोटी छोटी पानं दिसतात, ती पानं नव्हेत, त्या पर्णिका. अख्खी काडी मिळून एक पान. हे कळायचं कसं? देठाच्या बुडाशी, फांदीच्या बेचक्यात बघायचं. तिथे कळी किंवा डोळा असेल तर तिथून पान सुरू होतं. पर्णिकेच्या बुडाशी डोळा कधीच नसतो. ही खूण फसवत नाही.

तिसरा प्रश्न : चीक आहे का, वास कसला आहे? चौथा : खोडाची साल, काटे, लव कशी आहे? पाचवा : झाड उभं कुठे आहे? वाळूत, चिखलात, कातळावर की सावलीत? आणि मग सगळ्यात शेवटी फूल, फळ.

आमचा एक साधा नियम आहे. यातल्या किमान तीन खुणा जुळल्याशिवाय झाडाचं नाव घ्यायचं नाही. एका खुणेवर घेतलेलं नाव म्हणजे अंदाज. अंदाज करायला हरकत नाही, पण अंदाज तोंडात घालायचा नाही.

वाळूत

आता किनाऱ्यावर या. भरतीची रेघ संपते तिथून वर वाळूत एक वेल पसरलेली असते. पान टोकाला मधोमध चिरलेलं, आपट्याच्या पानासारखं. फूल जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखं. ही मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे उगवते म्हणून हे नाव. आता बघा, आपट्याचं पान आणि हिचं पान शेजारी ठेवलं तर आकार सारखा वाटतो. पण आपटा झाड आहे, ही वाळूवर सरपटणारी वेल. हिला चीक आहे, आपट्याला नाही. एका खुणेने गोंधळ होतो, तीन खुणांनी सुटतो.

तिच्याच शेजारी टोकदार, टोचणारं गवत असतं. त्याचं काटेरी बियांचं गोल बोंड वाऱ्यावर वाळूतून टुणटुण पळतं. याला 'रावणाच्या मिशा' म्हणतात. ही दोन्ही वाळू धरून ठेवतात. तंबूसाठी जागा साफ करताना लोक आधी यांनाच उपटतात. ते करू नका. ती गेली की वाऱ्याबरोबर वाळूही जाते.

मागे सुरूचं बन असतं. सुरूला लोक पाइनचा भाऊ समजतात. तसं नाही. सुरूची 'सुई' म्हणजे पान नव्हे, ती बारीक फांदी. ती हळूच ओढून बघा, पेरापेराने तुटते. खरी पानं त्या पेरावर बारीक दातांसारखी असतात, भिंगातून बघावी लागतात. आणि हे झाड मूळ कोकणातलं नाही, किनाऱ्यावर मुद्दाम लावलेलं आहे.

किनाऱ्याचं खरं जुनं झाड बघायचं तर उंडी बघा. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत. मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा इतक्या जवळजवळ आणि समांतर की फणीने रेघा ओढल्यासारख्या. फूल पांढरं, सुवासिक. फळ गोल, गोटीसारखं. त्याच्या कडू तेलावर पूर्वी दिवे जळत आणि होड्यांच्या लाकडालाही ते लावत. भेंडही इथेच. पान पिंपळासारखं हृदयाकृती, पण पिंपळाचं लांब शेपूट नाही. फूल सकाळी पिवळं, संध्याकाळी लालसर होऊन गळतं.

खाडीच्या काठावर

रेवदंड्याची खाडी असो की मुरुडची, तिथे कांदळवन आहे. लांबून सगळं सारखंच हिरवं दिसतं. जवळून बघितलं तर तीन झाडं सहज वेगळी करता येतात.

तिवराची पानं समोरासमोर, खालून राखाडी-पांढरट. वरच्या बाजूला कधी कधी मिठाचे कण दिसतात. आणि झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वासमुळं वर आलेली असतात. कांदळाला तशी मुळं नसतात. त्याची मुळं खोडातून कमानीसारखी निघून चिखलात रुततात आणि लांब शेंगेसारखे अंकुर झाडालाच लोंबत असतात.

तिसरं झाड गेवा, काही ठिकाणी याला हुरा म्हणतात. पानं एकाआड एक, गुळगुळीत. गळण्याआधी लालभडक होतात, फार सुंदर दिसतात. फोटो काढायला म्हणून लोक फांदी वाकवतात. पण याच्या फांदीतून पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, काही काळ दिसेनासं होऊ शकतं. त्वचेवर फोड येतात. लाकूड जाळलं तर धुरानेसुद्धा डोळे चुरचुरतात. म्हणून खाडीकाठचं वाळलेलं लाकूड चुलीला आणायचं नाही. तिवर आणि गेवा यांत फरक करायचा तर पान तोडायची गरजच नाही. समोरासमोर की एकाआड एक, एवढं बघायचं.

खाडीच्या वरच्या अंगाला, विशेषतः दक्षिण कोकणात, आणखी एक झाड भेटतं, सुकाणू. फांदीच्या टोकाला पानांचा झुबका, पांढरं फूल, आणि हिरवं फळ हुबेहूब लहान कैरीसारखं. पानही आंब्यासारखं लांबट. पण फांदी मोडली की दुधासारखा पांढरा चीक. आंब्याचं पान चुरगळलं की कैरीचा वास येतो, याला तो येत नाही. या फळाची बी हृदयाचे ठोके बिघडवते, जीव जातो. समुद्रकाठी 'कैरी' पडलेली दिसली तर वर बघा, खरंच आंब्याचं झाड आहे का?

चीक म्हणजे विष?

इथे एक समज दुरुस्त करू. "ज्याला चीक ते विषारी, ज्याला चीक नाही ते चालतं" असं पुष्कळ जण सांगतात. गेवा आणि सुकाणू पाहून हे पटतंसुद्धा. पण आता तंबूच्या मागच्या झुडपांत या.

करवंदाची जाळी. पानं समोरासमोर, काटे जोडीने, कधी टोकाला दुभागलेले. पान तोडलं की पांढरा चीक. कच्च्या करवंदालाही चीक. आणि आपण लहानपणापासून करवंदं खातो. उंबराला चीक आहे, फणसाला तर केवढा! म्हणजे नियमाची एक बाजू गेली.

दुसरी बाजू बघा. काजरा, म्हणजे कुचला. कोकणात, दक्षिणेकडे जास्त, हे झाड सर्रास आहे. पानं समोरासमोर, चकचकीत, आणि पानाच्या बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा निघतात. ही त्याची पक्की खूण. चीक नाही. काटेही बहुधा नसतात. फळ पिकलं की छोट्या संत्र्यासारखं नारिंगी, गुळगुळीत, मोहात पाडणारं. आत गरात चपट्या, बटणासारख्या, रेशमी लव असलेल्या बिया. त्यात स्ट्रिक्नीन असतं. माणसाला झटके येतात, श्वास थांबतो. म्हणजे चीक नाही म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही.

आणि दुसरा आवडता नियम, "पक्षी खातात, माकडं खातात, म्हणजे आपल्यालाही चालतं." काजऱ्याचा गर धनेश पक्षी खातात. बी तशीच बाहेर टाकतात. त्यांचं पोट वेगळं, खायची रीत वेगळी. धनेश आपल्यासाठी चव बघणारा आचारी नाही.

झुडपं आणि झाडं

जंगलाच्या कडेला सगळ्यात जास्त दिसतात दोन परकी झुडपं. टणटणी, जिला घाणेरीही म्हणतात. चौकोनी खोड, त्यावर बारीक वाकडे काटे, खरखरीत पान, चुरगळलं की उग्र वास, एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी-नारिंगी फुलं. आणि रानमोडी. पान त्रिकोणी, त्यावर तीन ठळक शिरा, फुलं फिकट, झुबक्याने. दोन्ही अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली. टणटणीची पिकलेली काळी फळं गावातली मुलं खातात. पण हिरवी फळं विषारी मानली जातात. शहरातल्या मुलांना पिकलेलं आणि हिरवं यातला फरक कळेलच असं नाही. तेव्हा शिबिरात ती अजिबात खाऊ द्यायची नाहीत.

आता आत शिरू. फणसाडच्या जंगलात अंजनी मोठ्या संख्येने आहे. पानं समोरासमोर, जाड, गडद हिरवी, आणि त्यावर बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्यांना थेट चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात. एकदा पाहिली की विसरायची नाही.

ऐन आणि किंजळ ही जोडी. दोघं एकाच कुळातले, पानंही बरीच सारखी. ऐनाची साल बघा, मगरीच्या पाठीसारखी खोल चिरांनी चौकोन पडलेली. किंजळाची साल इतकी खोल भेगाळलेली नसते. फळ मिळालं तर प्रश्नच मिटला. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख असतात. किंजळाची फळं लहान, एक पंख मोठा आणि दोन छोटे. पावसाळा संपल्यावर किंजळाचा अख्खा शेंडा तांबूस गुलाबी दिसतो तो या फळांमुळे. लोक त्यालाच फुलं समजतात.

बिब्बा मात्र नीट ओळखून ठेवा. मोठं, जाड पान, खालून फिकट, फांदीच्या टोकाशी गर्दी केलेलं. फळ काळं, चकचकीत, आणि ते नारिंगी मांसल देठावर बसलेलं. काजू उलटा डोळ्यासमोर आणा. खरंच, हा काजूचा आणि आंब्याचा नातेवाईक. कच्च्या फळातला रस अंगाला लागला की फोड येतात, भाजल्यासारखं होतं. धोबी कपड्यांवर खुणा करायला हाच रस वापरत. ज्यांना कैरीच्या चिकाने अंगावर उठतं, त्यांनी जास्त सांभाळायचं.

वेली

अपघात बहुतेक वेलींमुळे होतात, कारण वेल कुठून आली आणि कुठे गेली ते दिसत नाही.

तीन पर्णिकांचं पान दिसलं की काय म्हणाल? पळस? पळस झाड आहे. पांगारा? तोही झाड, आणि त्याला काटे. वेल असेल आणि बाजूच्या दोन पर्णिका वाकड्या, एका अंगाला फुगलेल्या असतील तर थांबा. ही खाजकुइली असू शकते. पावसाळा सरल्यावर गडद जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात. हिवाळ्यात इंग्रजी 'एस'सारख्या वळलेल्या शेंगा वाळतात, त्यावर सोनेरी-तपकिरी मखमल. ती मखमल म्हणजे खाजेचं आगार. वाऱ्यानेसुद्धा उडते. म्हणून हिवाळ्यात तंबू लावण्यापूर्वी वर बघायची सवय ठेवा. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने केस आत शिरतात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा. डोळ्याला हात लावू नका. कपडे वेगळे ठेवा.

गुंज तुम्हाला माहीतच आहे. पान चिंचेसारखं, बारीक पर्णिकांच्या जोड्या. शेंग फुटली की लाल बी आणि त्यावर काळा ठिपका. सोनार पूर्वी वजनाला वापरत. बीचं कवच टणक असतं, म्हणून अख्खी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते. पण चावली, फोडली, माळ करायला भोक पाडलं, तर आतलं अॅब्रिन बाहेर येतं, आणि ते फार थोडंसुद्धा घातक. मुलं गोळा करतात ती हीच बी. हातात घेऊन बघू द्या, पण खिशात जाऊ देऊ नका.

आणि कळलावी. पावसाळ्यात फुलते, पाकळ्या मागे वळलेल्या, आधी पिवळ्या, मग लाल, ज्वाळेसारख्या. फूल असताना कोणीही ओळखेल. गडबड होते ती फूल नसताना, कारण जमिनीखाली कंद असतो आणि जंगलात खाण्याजोगे कंद देणाऱ्या वेलीही असतात. करांदा, कणगी या रानकंदांच्या कुळात पान बहुधा हृदयाकृती, बुडापासून निघालेल्या शिरा कमानीसारख्या टोकाकडे जातात, आणि वेल स्वतःच आधाराला पिळा घालून चढते. कळलावीचं पान लांबट, आणि त्याचं टोक पुढे जाऊन दोऱ्यासारखं वळतं. त्या टोकाने ती आधार पकडते. पानाच्या टोकालाच आकडा असेल तर तो कंद खायचा नाही. त्यात कोल्चिसीन असतं. उलटी-जुलाबाने सुरुवात होते आणि शरीराचे एकेक अवयव निकामी होत जातात.

एका पर्णिकेचा फरक

आता रानभाज्या. पहिल्या पावसानंतर टाकळा सगळीकडे उगवतो आणि आपण आवडीने खातो. त्याचाच चुलतभाऊ कासविंदा त्याच रस्त्याकडेला उभा असतो. दोघांनाही पिवळी फुलं, दोघांनाही संयुक्त पान, दोघांनाही उग्र वास. फरक कुठे? टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, टोक गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, टोक अणकुचीदार. टाकळ्याच्या खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असते, कासविंद्याची ग्रंथी देठाच्या बुडाशी, खोडाजवळ. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, फिकट कडांची.

एवढ्या बारकाव्याने काय होणार, असं वाटेल. पश्चिम उत्तर प्रदेशात, बिजनोर आणि आसपास, वर्षानुवर्षं दर हिवाळ्याच्या सुमाराला लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत. मेंदूज्वर समजून विषाणू शोधले जात होते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या मुलांनी कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. खेळता खेळता, शेंगा सोलून, वाटाण्यासारख्या. लोकांना ते झुडूप रोज दिसत होतं. त्याची ओळख नव्हती, एवढंच. झाड ओळखणं हा निव्वळ छंद नाही असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

शेवळं हे दुसरं उदाहरण. इथे ओळख बरोबर असूनही पुरत नाही, रीत माहीत असावी लागते. सुरणाच्या कुळातल्या या फुलोऱ्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचून खाज आणतात. म्हणून भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. रायगड-ठाण्याच्या बाजाराला शेवळांच्या जुडीबरोबर काकडं का विकतात, ते आता कळलं असेल.

नावांचा घोळ

मराठी नावं आपली आहेत, गोड आहेत, पण एकट्या नावावर विसंबू नका. कळलावीलाच कुठे खड्यानाग म्हणतात, कुठे बचनाग. पण आयुर्वेदाच्या दुकानात बचनाग म्हणून मिळतो तो हिमालयातला, अगदी वेगळ्या कुळातला. दोन्ही विषारी, पण वेगळे. म्हणून वहीत गावातलं नाव लिहा, गावाचं नाव लिहा आणि त्यापुढे शास्त्रीय नावही लिहा. शास्त्रीय नाव मिरवायला नको, पण डॉक्टरांशी बोलताना तेच कामाला येतं.

वहीची रीत सोपी ठेवा. एका झाडाला एक पान. तारीख, जागा, पाच प्रश्नांची पाच उत्तरं, आणि चार फोटो : अख्खं झाड, फांदीवर पानांची मांडणी, पानाची खालची बाजू, साल. फूल-फळ असेल तर पाचवा. एका शिबिरात दहा झाडं नीट झाली तरी पुष्कळ. तेच झाड पुन्हा पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात बघा. तीन ऋतूंत ओळखता आलं की मग ते तुमचं झालं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मोबाईलवरची अॅप वापरावीत का?*

जरूर वापरा, पण सुरुवात म्हणून. फुलाचा स्वच्छ फोटो असेल तर ती बरीच बरोबर सांगतात. कोवळी पानं, रोपं, नुसता पाला यांत फसतात. अॅपने नाव दिलं की त्या नावाच्या झाडाची पानं समोरासमोर असतात की एकाआड एक, ते वाचा आणि आपल्या झाडाशी ताडून बघा. जुळलं नाही तर नाव खोडा. आणि अॅप सांगतं म्हणून काही खाऊ नका.

*मग रानभाज्या शिकायच्या कोणाकडून?*

ज्या बायका त्या दरवर्षी खुडतात आणि घरी शिजवतात त्यांच्याकडून. ठाकर, कातकरी वस्त्यांतल्या मावशींना कोवळं पान, जून पान, कुठल्या पाण्यात उकळायचं, कितीदा पाणी टाकायचं, सगळं ठाऊक असतं. पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात, तिथे जा. पण त्यांच्या सोबत निदान एक अख्खा मोसम काढा. एकदा पाहून स्वतः खुडायला जाऊ नका.

*मुलांना एवढं सगळं कसं लक्षात राहणार?*

राहणार नाही, राहायची गरजही नाही. मुलांना एकच गोष्ट सांगा : मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडात नाही. आणि एक खेळ द्या, समोरासमोरची पानं कोण जास्त शोधतं? तासाभरात तुमच्यापेक्षा त्यांची नजर तयार होते.

*चुकून कोणी काही खाल्लंच तर?*

तोंडात उरलेलं थुंकायला लावा, तोंड धुवा. घरगुती उपाय करत बसू नका, मुद्दाम उलटी काढू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. जे खाल्लं त्याचा उरलेला तुकडा, निदान फोटो, सोबत न्या. किती वाजता आणि किती खाल्लं ते लिहून ठेवा. डोळ्यात चीक गेला असेल तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा. शिबिराला निघण्यापूर्वी सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठे आहे आणि तंबूच्या जागी मोबाईलला रेंज येते का, या दोन गोष्टी आम्ही कागदावर लिहून घेतो. तुम्हीही लिहून घ्या.

वेळ संपली. बाहेर पडताना या सभागृहाच्या दारातल्या झाडाकडे एकदा बघा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, एवढं जरी सांगता आलं, तरी आजचं काम झालं.